कणसाचं जास्तीचं पान

पुष्कर सबनीस घरी आला तेव्हा बुधवारचे साडेचार वाजले होते. रियाधमध्ये बुधवार म्हणजे आठवड्याचा शेवट, त्यातून रात्री साडेआठला एक छानसा व्यवहार पार पडायचा होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती. बूटही न काढता तो देवघराकडे गेला. देवघर म्हणजे काय, बेडरूममधल्या कपाटाचा वरचा खण. खणाच्या कोपऱ्यात त्याने एक स्टीलची डबी ठेवली होती. त्याने ती उघडली. आत चौकोनी प्लॅस्टिकचं पाकीट होतं आणि पाकीट रिकामं होतं.

त्याने डबी उलटी करून पाहिली. कुंकवाची कोयरी हलवली, उदबत्त्यांचा पुडा झटकला.

"आसावरी! ह्या डबीला कोणी हात लावला?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत आईच दारात उभी राहिली. नंदाताई तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आल्या होत्या.

"ते नाणं होय? मीच घेतलं," त्या म्हणाल्या. "सकाळी स्मृतीची ओटी भरली ना, तिच्या ओटीत घातलं."

पुष्कर मटकन पलंगावर बसला. का बसला हे कळायला त्या नाण्याची हकीकत सांगायला हवी.

ते नाणं पुष्करचं नव्हतं. ते रहमतुल्लाचं होतं. रहमतुल्ला हा पुष्करच्या बँकेतला ड्रायव्हर, मूळ बिहारमधल्या सिवानचा, अकरा वर्षं परदेशी सल्लागारांना त्यांच्या पहाऱ्यातल्या वसाहतीतून, म्हणजे कम्पाउंडमधून बँकेत आणि बँकेतून कम्पाउंडमध्ये पोचवणारा. गेल्या दोन वर्षांत त्या कम्पाउंडमधली बरीच मंडळी बॉम्बस्फोटांना घाबरून मायदेशी परतली. त्यातल्या एकाने जाताना रहमतुल्लाला दुधाच्या पावडरीचा डबा भरून अमेरिकन चिल्लर दिली. पुष्करला लहानपणापासून नाण्यांचा नाद आहे हे सगळ्या बँकेला ठाऊक, म्हणून रहमतुल्ला डबा घेऊन त्याच्याकडे आला. झाकणही न उघडता त्याने तो टेबलावर ठेवला. किती नाणी आहेत हे त्याने मोजलंही नव्हतं.

"साहब, सुना है ये ख़ास सिक्के हैं. हर एक पे अलग तस्वीर है."

चित्रं होती खरी. अमेरिकेने १९९९पासून आपल्या एकेका राज्याच्या नावाचं क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं काढायला घेतलं होतं. दर वर्षी पाच राज्यं. लोकांना वाटतं, स्मारक नाणं म्हणजे दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणजे लाखमोलाचं. प्रत्यक्षात ही नाणी कोट्यवधींनी पाडलेली. पाव डॉलरच्या नाण्याची किंमत पाव डॉलर, यापलीकडे कोणी कवडी देत नाही. पुष्करने हे रहमतुल्लाला समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पण तरी त्या रात्री पुष्करने चाळीसच्या चाळीस क्वार्टर भिंगाखाली धरली, कारण नुकतंच इंटरनेटवर त्याने काही वाचलं होतं. आदल्या वर्षी निघालेल्या विस्कॉन्सिनच्या नाण्यावर गाय, चीजचं चाक आणि मक्याचं कणीस असतं. त्यातल्या थोड्या नाण्यांवर टांकसाळीतल्या कुठल्याशा गफलतीमुळे कणसाला एक पान जास्त आलं होतं, आणि हौशी लोक त्या पानासाठी वेडे झाले होते. डब्यात विस्कॉन्सिनची तीन नाणी निघाली. तिसऱ्यावर, कणसाच्या डाव्या अंगाला, खाली झुकलेलं ते पान होतं.

ओळखीतून एक अमेरिकन इंजिनिअर मिळाला. नाणं डोळ्यांनी पाहून तीनशे डॉलर द्यायला तो तयार होता. बुधवारी रात्री ऊलाया रस्त्यावरच्या एका हॉटेलसमोर तिघांनी भेटायचं ठरलं. तीनशे डॉलर म्हणजे सव्वाअकराशे रियाल, म्हणजे रहमतुल्लाच्या पगाराहून जास्त. तोवर रहमतुल्लाच्या पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का पडला होता, शुक्रवारी विमान होतं. बिचाऱ्याने सिवानला फोन करून बायकोला सांगून टाकलं की एक पावलीचं नाणं सव्वाअकराशे रियालला जातंय. बायकोने अर्ध्या गावाला सांगितलं. "सिक्का आप ही के पास रहने दीजिए साहब," असं म्हणून तो निर्धास्त झाला होता. आणि पुष्करने बाकीची चिल्लर पिशवीत भरून टेबलावर ठेवली होती, पण ते मात्र घरात कोणाला चकार शब्द न सांगता देवाच्या खणात ठेवलं होतं, कारण त्याच्या मते घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

"आई, अगं विचारायचं तरी!"

"काय विचारायचं? पोटुशी मुलगी पाटावर बसली, तांदूळ-नारळ हातात घेतला, आणि घरात एक नाणं सापडेना! बँकेत कामाला आहेस म्हणे. इथले दुकानदार सुट्ट्याच्या जागी च्युइंगम हातावर ठेवतात. च्युइंगम घालू ओटीत?"

"नोट घालायची!"

"आमच्याकडे नाणंच लागतं. तुझ्या टेबलावर ती पिशवी होती, त्यातली बघितली. एकावर बंदूकवाला उभा, एकावर नुसता घोडा. बंदूकवाला घालू तिच्या ओटीत? मग डबीतलं बघितलं. गाय आणि कणीस! दूध आणि धान्य. आणखी काय पाहिजे? देवाजवळ ठेवलेलं होतं, मला वाटलं त्यासाठीच आणलंयस."

पिशवीत विस्कॉन्सिनची आणखी दोन नाणी होती, पण ती तळाशी होती आणि आईचा हात तिथवर गेला नव्हता.

तो उठला आणि गाडीची किल्ली घेतली. "मी घेऊन येतो. साडेसातला स्मृती-निमिष एअरपोर्टला निघतील."

"काय घेऊन येतोस?" आसावरी आता पुढे आली. "पुष्कर, भरलेली ओटी परत मागतात का कधी? आणि कोणाची, तर स्मृतीची?"

स्मृती ही निमिषची बायको. निमिष अल सुलैच्या एका गोदामात मॅनेजर, पुष्करचा कॉलेजपासूनचा मित्र. स्मृतीची दोन बाळंतपणं अर्ध्यावरच संपली होती, दुसरं तर सहाव्या महिन्यात. आता सातवा लागला होता. इथून पुढे धोका नको म्हणून डॉक्टरचं पत्र घेऊन ती आज रात्रीच्या विमानाने माहेरी, सांगलीला निघाली होती. त्या पोरीची ओटी रिकामी करायची म्हणजे काय, हे पुष्करलाही कळत होतं. ओटीबिटीवर त्याचा विश्वास नव्हता. पण स्मृतीचा होता, आणि पोटात बाळ तिच्या होतं.

"मग रहमतुल्लाला काय सांगू?" त्याचा आवाज चढला. "तुझं नाणं माझ्या आईने ओटीत घातलं? तो ओटी म्हणजे काय समजणार? मी शिकलेला माणूस, त्याला सांगितलं हे नाणं लाखात एक आहे, घरी नेलं आणि परवा तो जायच्या आत हरवलं. तू असतीस तर विश्वास ठेवला असतास?"

आसावरीने काळा, पायघोळ अबाया अंगावर घेतला. "मी येते. तू तोंड उघडायचं नाहीस. पिशवीतलं गायीचं दुसरं नाणं घे."

नंदाताई देवाच्या खणाकडे तोंड करून पुटपुटत उभ्या राहिल्या. आपल्या हातून पाप झालं की लेक करायला निघालाय, हे त्यांना ठरवता येईना.

खुरैस रस्त्यावर गाड्यांची ही रांग. बुधवारची संध्याकाळ, अख्खं रियाध घराबाहेर. सूर्यास्ताच्या नमाजाची, मगरिबची बांग झाली, कडेची दुकानं शटर ओढू लागली, आणि पुष्कर पहिल्या गिअरमध्ये अडकून घड्याळ बघत होता. सहा वाजून दहा. मोबाइल वाजला. रहमतुल्ला.

"साहब, मैं अभी से आ गया हूँ होटल के सामने. इस्त्री की हुई कमीज़ पहन के." तो हसला. "गोरा साहब पक्का आएगा ना?"

"हाँ, हाँ," पुष्कर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आसावरीने बेत सांगितला. सकाळी नाण्याला हळदकुंकवाची बोटं लावायची राहिली म्हणायचं, नाणं हातात घ्यायचं, पाठमोरं होऊन बोटं लावायची, आणि परत देताना साधं नाणं द्यायचं. गाय तीच, कणीस तेच. एका पानाचा फरक भिंगाशिवाय कोणाला दिसणार?

"ही चोरीच आहे," ती शेवटी म्हणाली.

"आपलं नसलेलं दिलं, ती नव्हती का?" पुष्कर म्हणाला. आणि त्याने गाडी अल सुलैकडे वळवली.

निमिषच्या घरात हॉलभर बॅगा उभ्या होत्या. तो वजनकाट्याशी झटापट करत होता. "अरे, तुम्ही? सकाळीच तर निरोप झाला!" त्याला आनंदच झाला. स्मृती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. पोटावर ओढणी, ओढणीच्या टोकाला गाठ, आणि गाठीवर तिचा हात. तो हात तिथून हलत नव्हता. बोलताना, हसताना, पाणी पिताना दुसराच हात पुढे येई.

"वहिनी, बघा, काकूंनी सांगितलं तसं जवळच ठेवलंय," ती म्हणाली. "तांदूळ बॅगेत टाकले, खिरीसाठी. नाणं मात्र अंगावर."

आसावरीने ठरलेलं बोलणं बोलून टाकलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा गोड येत होता, आणि पुष्करला तो ऐकवेना. स्मृतीने भाबडेपणाने लगेच गाठ सोडली. नाणं आसावरीच्या हातात आलं. आसावरी पाठमोरी झाली, बरोबर आणलेल्या कोयरीशी वाकली. पुष्करने आपला हात पुढे केला, तिने काहीतरी त्याच्या तळव्यावर ठेवलं, आणि ते त्याच्या खिशात गेलं. सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. निमिष तिकडे बॅगेतून लोणच्याची बरणी बाहेर काढत होता.

आसावरीने कुंकू लावलेलं दुसरं नाणं स्मृतीच्या ओंजळीत दिलं. "अष्टपुत्रा म्हणत नाही गं बाई, एक सुखरूप होऊ दे," ती म्हणाली, आणि ते मात्र तिने मनापासून म्हटलं. स्मृती हसली. अंगठा नाण्यावरून फिरवत तिने ओढणीचं टोक हातात घेतलं, आणि अंगठा थांबला.

तिने नाणं डोळ्यांजवळ नेलं. दिव्याकडे तिरकं धरलं.

"वहिनी... हे ते नाही."

"असं कसं? तेच की. गाय, कणीस..." आसावरी बोटाने दाखवू लागली.

"नाही. त्याला इथे खाली एक पान होतं." स्मृतीचा आवाज एकदम बारीक झाला. "छोटंसं. कणसाच्या खालून नवीनच फुटल्यासारखं. दुपारभर पडल्या पडल्या मी त्याच्यावरूनच बोट फिरवत होते. मला वाटलं... येडपटासारखं वाटलं, पण मला वाटलं, देवाने काहीतरी सांगितलंय. कुठे गेलं ते? वहिनी, आत्ता तर होतं! माझ्या हातात होतं!"

निमिष बरणी हातात घेऊन धावत आला. स्मृती उठायला लागली, सोफ्याखाली वाकायला लागली. "अगं, वाकू नकोस!" तो ओरडला. तिने एका हाताने पोट धरलं होतं. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, आणि ती त्याच त्या सुरात म्हणत होती, "गेलं ना? आता हेही गेलं ना?"

पुष्करच्या खिशात नाणं होतं. त्या नाण्याच्या पानासाठी ऊलाया रस्त्यावर इस्त्रीचा शर्ट घालून एक माणूस उभा होता. त्याचं होतं ते. ह्या बाईचं नव्हतं, आईचं नव्हतं, पुष्करचं तर नव्हतंच. हे सगळं पुष्करच्या मनात स्पष्ट होतं, आणि तरी तो गुडघ्यांवर बसला, सोफ्याच्या पायाशी हात घातला, आणि वर आला तेव्हा त्याच्या तळव्यावर पान असलेलं नाणं होतं.

"हे बघ, इथे पडलं होतं. आईने दोन काढली होती, तुझ्या वहिनीच्या हातात अदलाबदल झाली असेल."

स्मृतीने हातातलं साधं नाणं त्याला दिलं आणि ह्याच्यावरून अंगठा फिरवला. मग डोळे मिटले. "हेच," ती म्हणाली आणि रडायला लागली. आसावरी तिला जवळ घेऊन तिच्याहून जास्त रडली. निमिषला काही समजलं नाही. बायका आहेत, निरोपाची वेळ आहे, असं म्हणून तो पुन्हा वजनाला लागला.

परतताना पुष्करने अमेरिकन इंजिनिअरला फोन करून नाणं हाती राहिलं नाही म्हणून सांगितलं. तो दोन शब्द तुटक बोलला आणि संपलं. मग आसावरीला घरी सोडलं, नाण्यांची पिशवी घेतली, आणि एटीएमपाशी गाडी थांबवून सव्वाअकराशे रियाल काढले. पैशाचं त्याला फार वाटलं नाही. खरं सांगायचं की खोटं, एवढाच प्रश्न होता. विकलं म्हणून पैसे हातावर ठेवले असते तर रहमतुल्ला दुवा देत गेला असता. पण आज दुपारपासून त्याने इतकं खोटं केलं होतं की आणखी एकाला जागा उरली नव्हती.

त्याने खरं सांगितलं. हॉटेलसमोरच्या फुटपाथवर, उभ्याउभ्या, मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ओटी म्हणजे काय, तांदूळ, नारळ, दोन गेलेली मुलं, पान. पुष्करने नोटा पुढे केल्या तेव्हा रहमतुल्ला त्यांच्याकडे बघत राहिला.

"अपनी जेब से दे रहे हैं?"

"हाँ."

"पूरे?"

"पूरे."

"साहब," रहमतुल्ला हळूच म्हणाला, "कोई अपनी जेब से ग्यारह सौ पच्चीस नहीं देता. सच बताइए, कितने में बेचा?"

पुष्करला वाटलं कोणी थोबाडीत मारली. "रहमतुल्लाभाई, कसम से—"

"तो चलिए, दिखा दीजिए. बहन जी एअरपोर्ट पे होंगी. मैं दूर से देख लूँगा, बस."

गाडी होती. वेळही होता. पुष्करच्या डोळ्यांसमोर चेक-इनची रांग आली, पोट सांभाळत उभी असलेली स्मृती, आणि आपण तिला सांगतोय की गाठ सोड, हे नाणं ह्या माणसाचं आहे, त्याला बघू दे. आणि मग ती चार तास विमानात बसणार.

"नहीं दिखा सकता," तो म्हणाला.

रहमतुल्लाने मान हलवली, पुष्करने आजवर कधी पाहिली नव्हती अशा तऱ्हेने. "ख़लास," तो म्हणाला. त्याने नोटा घेतल्या. उरलेल्या क्वार्टरची पिशवीही घेतली, आणि गाडीच्या बॉनेटवर ती रिकामी करून दिव्याखाली एकेक नाणं मोजलं. एकोणचाळीस. डब्यावर झाकण ठेवून न मोजता देणारा हा माणूस. पुष्कर तिथेच उभा राहिला, कारण निघून जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. मोजून झाल्यावर रहमतुल्ला सलाम न करता गेला.

शुक्रवारी तो विमानात बसला. बँकेत कोणी पुष्करला काही बोललं नाही, पण चहा देणारा पोऱ्या आणि बाकीचे ड्रायव्हर त्याला पाहिलं की बोलायचे थांबू लागले. आसावरी म्हणाली, जाऊ दे, आपलं मन स्वच्छ आहे. पुष्करला त्या स्वच्छ मनाचा फार उपयोग होईना. रात्री जेवताना घास तोंडात ठेवून तो मधेच थांबायचा. त्यातून स्मृतीचा फोन आला नाही की तो कॅलेंडरवरचे दिवस मोजू लागायचा. नाणं तर परत दिलं, पण एक-दीड मिनिट ते आपल्या खिशात होतं, असा हिशेब तो मांडू लागला. ओटीवर विश्वास नसलेला माणूस!

जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून ईमेल आली. मुलगी, पावणेतीन किलो, दोघी सुखरूप. सोबत फोटो होता. पाळण्यात लाल तोंडाचं गाठोडं, आणि पाळण्याच्या कडीला काळ्या दोऱ्यात ओवून टांगलेलं नाणं. स्मृतीच्या वडिलांनी सोनाराकडून गायीच्या कपाळातून आरपार भोक पाडून घेतलं होतं. नाण्यांच्या बाजारात आता त्याला पाव डॉलरहून जास्त कोणी दिला नसता. पुष्कर मोठ्यांदा हसला. मग त्याने फोटो वाढवून वाढवून पाहिला. भोकाच्या बाजूला, कणसाच्या डावीकडे, ते पान जसंच्या तसं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने स्टुडिओतून दोन मोठे प्रिंट काढले, एक पाळण्याचा, एक नुसत्या नाण्याचा. ऑफिसच्या जुन्या फायलीतून सिवानचा पत्ता शोधला आणि पाकीट रजिस्टरने पाठवलं. चिठ्ठी लिहायला तीनदा बसला. काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसते फोटोच गेले.

महिना गेला. पाकीट परत आलं नाही, उत्तरही आलं नाही. जुलै संपत आला तेव्हा एका दुपारी बँकेतल्या त्याच्या टेबलावरचा फोन खरखरला. दूरवरच्या कुठल्याशा बूथवरून बोलणं येत होतं, मागे सायकलच्या घंट्या वाजत होत्या.

"साहब, मैं रहमतुल्ला."

पुष्कर उभाच राहिला.

बूथवरचे पैसे नुसतेच जात होते.

"सिक्के पे वो पत्ता देख लिया साहब," शेवटी रहमतुल्ला म्हणाला. "बच्ची का नाम क्या रखा?"